रस्ता कडेनं मरतो

मुंबई-आग्रा, सूरत-नागपूर आणि सोलापूर-धुळे असे तीन मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांना भेटतात. पूर्वीचे ३, ६ आणि २११ हे क्रमांक जाऊन पाट्यांवर ५२, ५३ असे नवे आकडे आले, पण धुळेकरांच्या तोंडी आजही आग्रा रोडच आहे. शहरातली मुख्य बाजारपेठसुद्धा त्याच नावानं ओळखली जाते. ट्रक, टायर, गॅरेज, ढाबे, ट्रान्सपोर्टच्या कचेऱ्या यांवर या गावातल्या कितीतरी घरांच्या चुली पेटतात. रस्त्यानं धुळ्याला मोठं केलं, असं म्हटलं तर ते खोटं ठरणार नाही.

पण खान्देशातल्या शेतकऱ्याचा माल महामार्गावर जन्माला येत नाही. तो वावरातून निघतो. साक्रीचा कांदा, शिंदखेड्याची मिरची, शिरपूरचा कापूस, तापीपलीकडे रावेर-यावलची केळी हे सगळं आधी शिवाररस्त्यानं गावात येतं, तिथून ग्रामीण मार्गानं फाट्यावर आणि मग कुठे चौपदरी डांबरावर लागतं. सरकारी कागदांत या वाटेला पायऱ्या आहेत. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे. शेतात जाणाऱ्या पाणंदीला वर्षानुवर्षं कुठलाच क्रमांक नव्हता. ती गावनकाशावर तुटक रेषेनं दाखवलेली असते आणि पावसाळ्यात नकाशावरच राहते.

या खालच्या पायरीवरच्या रस्त्यांबद्दल आपण एकच प्रश्न विचारतो : झाला का? भूमिपूजन झालं का, खडी पडली का, डांबर पडलं का? झालेला रस्ता टिकवतो कोण, कधी आणि कशानं, हे कोणी विचारत नाही. म्हणून तोच रस्ता पाच-सात वर्षांनी पुन्हा 'करावा' लागतो आणि पुन्हा नारळ फुटतो. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. आणि त्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर ग्रेडर नावाच्या एका लांबट, पिवळ्या यंत्राकडे आहे.

निम्मा रस्ता हिशेबातच नाही

आपल्याकडच्या बहुतेक ग्रामीण मार्गांचा डांबरी पट्टा ३.७५ मीटर रुंदीचा असतो. त्याखालच्या भरावाची माथ्यावरची पूर्ण रुंदी मात्र ७.५ मीटर धरलेली असते. दोन्ही बाजूंना उरते ती साइडपट्टी. एका बाजूला पावणेदोन मीटरहून थोडी जास्त, दुसऱ्या बाजूला तेवढीच. म्हणजे कागदावर तरी निम्मा रस्ता डांबराचा आणि निम्मा मुरमाचा. आपण ज्याला रस्ता म्हणतो, तो खरा तर अर्धाच.

डांबराचा थर किती जाड? ग्रामीण रस्त्यावर सहसा २० मिलिमीटरचं कारपेट आणि त्यावर सीलकोट. दोन सेंटिमीटरच. ओझं पेलण्यासाठी तो थर नसतोच, ते काम खालच्या खडीचं आणि मुरमाचं. कारपेटचं मुख्य काम पाणी आत जाऊ न देणं. त्यासाठी रस्त्याचा मध्य उंच आणि कडा खाली ठेवतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांच्या नियमावलीत कमी पावसाच्या मुलखासाठी पातळ डांबरी थराला ३ टक्के, मुरमी रस्त्याला साडेतीन आणि निव्वळ मातीच्या रस्त्याला ४ टक्के उतार सांगितला आहे. ३.७५ मीटरच्या पट्ट्यावर ३ टक्के म्हणजे मध्य कडेपेक्षा साधारण साडेपाच सेंटिमीटर उंच. तीन बोटं. मातीचा रस्ता ७.५ मीटर रुंद असेल, तर हा फरक १५ सेंटिमीटरचा. एवढ्याशा उंचीवर सगळा खेळ आहे.

साइडपट्टी दोन तऱ्हांनी बिघडते. एक म्हणजे ती खचते. समोरून ट्रॅक्टर आला की मोटारसायकल, पिकअप, एसटी यांची एक बाजू खाली उतरते. चाकं तिथला मुरूम उडवत राहतात, डांबराची कड उघडी पडते आणि चाक चढता-उतरता कडेचा तुकडा मोडतो. ३.७५ मीटरचा रस्ता साडेतीन होतो, मग तीन. दुसरी तऱ्हा उलटी. कडेला धूळ साचते, तिच्यात गवत रुजतं, गवतात आणखी धूळ अडकते आणि दोन-तीन पावसाळ्यांत साइडपट्टी डांबरापेक्षा उंच होते. आता पाण्याला बाहेर जायला वाटच नाही. ते डांबरावर साचतं, खडीत उतरतं, जाळीदार भेगा पडतात, भेगांचा खड्डा होतो. लोकांना खड्डा मध्ये दिसतो. त्याची सुरुवात कडेला झालेली असते.

त्यात आपली जमीन काळी. तापीच्या दोन्ही तीरांवरचा गाळाचा पट्टा कापसाला आणि केळीला जेवढा मानवतो, तेवढाच रस्त्याला छळतो. काळ्या मातीतला मॉन्टमोरिलोनाइट नावाचा चिकण घटक पाणी पिऊन फुगतो आणि उन्हात आकसतो. मे महिन्यात ज्या भेगेत हात जातो, ती जुलैत दिसेनाशी होते. या फुगण्या-आकसण्यावर बसलेला भराव दरवर्षी थोडा वर उचलला जातो, थोडा खाली बसतो. मध्यभाग डांबरानं झाकलेला असल्यामुळे तिथला ओलावा फारसा बदलत नाही. कडेची माती मात्र उघडी, तिथे ओलावा येतो-जातो. म्हणून भेगा कडेला, रस्त्याच्या लांबीला समांतर पडतात.

धुळे जिल्ह्यात वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर. साक्रीच्या पश्चिमेला पिंपळनेरकडे तो जास्त, शिंदखेड्याकडे कमी. एवढ्या पावसात रस्ते वाहून जाण्याचं कारण नाही, असं वाटेल. पण हा पाऊस मोजक्या दिवसांत, झोडपून पडतो. चारी मोकळी नसेल, मोरीचं तोंड गाळानं बुजलेलं असेल, तर एक जोरदार सर पुरते.

पातं मध्ये का असतं

रस्ताकाम म्हटलं की आपल्याकडे जेसीबी येतो. साइडपट्टी भरायची, चारी काढायची, झुडपं उपटायची, सगळं त्याच्याच बकेटनं. जेसीबी गुणी यंत्र आहे, पण त्याच्याकडून उतार निघत नाही. त्याची लांबी कमी आणि बकेट चाकांच्या पुढे. पुढचं चाक खड्ड्यात गेलं की बकेटही खाली जाते, चाक उंचवट्यावर चढलं की बकेटही वर. जमिनीचा चढउतार तो तसाच, किंबहुना वाढवून, पुढे नेतो.

ग्रेडरची बांधणी याच्या उलट आहे. पुढे एक आस, मागे इंजिन, दोहोंच्या मधे पाच-सहा मीटरचं अंतर आणि त्या अंतराच्या मधोमध पातं. पुढचं चाक दहा सेंटिमीटरच्या उंचवट्यावर चढलं, तर पातं साधारण निम्मंच उचललं जातं. मागची चाकं दोन-दोनच्या जोडीनं एका झुलत्या दांडीवर बसवलेली. त्यातलं एक चाक दहा सेंटिमीटर चढलं, तर दांडीचा मध्य पाच चढतो आणि पातं त्याच्याही निम्मं, म्हणजे अडीचच्या आसपास. प्रत्येक फेऱ्यात रस्त्याचा ओबडधोबडपणा असा विरत जातो. हे कसब यंत्राच्या अंगातच आहे.

पातं साधारण तीन ते पावणेचार मीटर लांब असतं आणि एका मोठ्या कड्यावर फिरतं. ते तिरकं लावतात, म्हणजे कापलेला मुरूम पात्यावरून घरंगळत एका टोकाला येतो आणि मागे त्याचा वरंबा पडत जातो. पुढची चाकं बाजूला कलती करता येतात, कारण तिरकं पातं यंत्राला सतत एका अंगाला ढकलत असतं आणि त्या रेट्याला तोंड द्यावं लागतं. पातं चाकांच्या बाहेर सरकवता येतं, उभं करून भरावाचा ढाळ तासता येतो, टोक खाली करून चारीचा काठ काढता येतो. खान्देशातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत : वखराची पास जशी वावराची वरची माती हलकेच उचलून सारखी करते, तसंच हे रस्त्याचं वखरणं.

कच्च्या रस्त्यावरचं काम क्रमानं होतं. पहिल्या फेऱ्यात कडेला गेलेला मुरूम चारीच्या बाजूनं मध्याकडे ओढायचा. रस्त्यावर पन्हाळीपत्र्यासारखे आडवे उमटे उठलेले असतील, तर ते मुळापर्यंत कापायचे. नुसते बुजवले, तर आठवड्यात जागच्या जागी परत येतात. मग मध्यावर जमलेला वरंबा दोन्ही अंगांना पसरायचा, उतार राखून. मागून पाणी आणि रोलर. डांबरी रस्त्यावर पातं फक्त साइडपट्टीवर चालतं. गवताची चढलेली कड कापून बाहेर सारायची, खचलेल्या जागी डंपरनं टाकलेला मुरूम पसरायचा आणि डांबराच्या कडेला अगदी लागून, त्याच्यापेक्षा तसूभरही वर न ठेवता, बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा. यात घाई चालत नाही. ताशी सात-आठ किलोमीटरच्या वर वेग गेला की यंत्र नाचायला लागतं आणि स्वतःच रस्त्यावर लाटा पाडतं. ऑपरेटरची नजर पात्याच्या टोकावर, पण अंदाज मात्र बुडाखालच्या हादऱ्यांवरून घेतलेला असतो. हे काम हातात बसायला वर्षं लागतात.

मिसूरीचा शेतकरी आणि बर्फातला पंख

या यंत्राचं मूळ एका शेतकऱ्याच्या युक्तीत आहे. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात डी. वॉर्ड किंग नावाच्या शेतकऱ्यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक ओंडका उभा चिरून, त्याची दोन फाकं एकामागे एक बांधून, घोड्यांकडून दारापुढच्या मातीच्या रस्त्यावर ओढली. पाऊस पडून गेल्यावर, माती ओली पण चिकटत नाही अशा वेळी, दरवेळी एक फेरा. चिखलाचा तो रस्ता हळूहळू मध्ये उंच, कडेला उतरता आणि टणक झाला. ही पद्धत इतकी पसरली, की अमेरिकी कृषी खात्यानं १९०८ मध्ये तिच्यावर शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र पुस्तिका काढली. त्याच काळात लोखंडी पात्याचे, ओढून न्यायचे ग्रेडर बाजारात होते. मिनियापोलिसच्या रसेल कंपनीनं १९०३ पासून ते बनवले, १९२८ मध्ये कॅटरपिलरनं ती कंपनी घेतली आणि १९३१ मध्ये इंजिन-पातं एकाच सांगाड्यावर असलेला, स्वतः चालणारा ग्रेडर आणला. आजच्या ग्रेडरची ठेवण तीच आहे. भारतात बीईएमएल ही सरकारी कंपनी वर्षानुवर्षं ग्रेडर बनवत आली आहे. गेल्या दशकात महिंद्रानंही छोट्या कामांना परवडेल असा 'रोडमास्टर' बाजारात आणला.

कॅनडाच्या सस्कॅचेवानसारख्या सपाट, शेतीच्या प्रांतात किंवा अमेरिकेच्या मिनेसोटात हेच यंत्र हिवाळ्यात वेगळं रूप घेतं. पुढे बर्फ फोडणारा नांगर, मध्ये नेहमीचं पातं आणि उजव्या अंगाला एक लांब, उचलता-मिटता येणारा पंख. नांगर आणि पातं रस्त्यावरचं बर्फ कडेला आणतात आणि पंख ते साइडपट्टीच्याही पलीकडे, चारीकडे लोटतो. एकाच फेऱ्यात रस्ता आणि कड दोन्ही मोकळे. पूर्वी पंख चालवायला ऑपरेटरशेजारी दुसरा माणूस बसायचा. आता एकटाच माणूस दोन्ही कामं करतो.

या पंखाचं खरं महत्त्व त्या दिवसाच्या बर्फापुरतं नाही. वादळ ओसरल्यावर ग्रेडर पुन्हा निघतो आणि कडेला साचलेले बर्फाचे ढीग पंखानं आणखी मागे सारतो, त्यांचा माथा कापतो. रस्ता तेव्हा मोकळाच असतो. हे काम पुढच्या वादळासाठी असतं. ढीग कडेलाच राहिले, तर पुढच्या बर्फाला जायला जागा उरत नाही. शिवाय वसंतात ते वितळलं की पाणी भरावात मुरतं. खालची जमीन अजून गोठलेली, म्हणून पाणी खालीही जात नाही आणि त्या आठवड्यांत जड वाहनांनी रस्ता बसतो. त्यामुळेच तिथे वसंतात ओझ्यावर मर्यादा घालतात.

आपल्याकडे बर्फ काढण्याचं मोठं काम सीमा रस्ते संघटना करते. ७ मे १९६० रोजी स्थापन झालेली ही संघटना रोहतांग आणि झोजिलासारख्या खिंडींचे रस्ते डोझर आणि बर्फ फेकणाऱ्या यंत्रांनी उघडते. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी असताना पंखाला पसरायला जागा नसते. पंख हे मैदानाचं हत्यार आहे. तापीकाठचे आपले रस्ते तसेच, सरळ आणि सपाट. मात्र बर्फाचा पंख धुळ्यात आणा, असं मी म्हणणार नाही. तो हलक्या ओझ्यासाठी घडवलेला असतो, वाळलेली काळी माती किंवा मुरूम कापायला गेला तर वाकेल. आणि आपल्या कामाला ग्रेडरचं बाहेर सरकणारं पातं पुरेसं आहे.

घ्यायचं आहे ते त्या पंखामागचं शहाणपण. पुढच्या वादळाला आधीच जागा करून ठेवायची. आपलं वादळ पाण्याचं. त्याला जायला जागा पाऊस पडायच्या आधी करावी लागते आणि ती जागा कडेला असते.

मैलकुली गेला, जागा रिकामी राहिली

हे शहाणपण आपल्याला परकं नव्हतं. बांधकाम खात्याच्या रस्त्यावर मैलकुली असायचा. ठरावीक लांबीचा रस्ता त्याच्या नावावर. फावडं, घमेलं, कुदळ आणि धुमस एवढ्या हत्यारांवर तो साइडपट्टी भरायचा, मोरीचं तोंड मोकळं करायचा, कडेच्या झाडांना आळी करायचा. कुठल्या मोरीत कोणत्या पावसात गाळ येतो, हे त्याला तोंडपाठ असे. पावसात तो घोंगडी पांघरून फिरे आणि पाणी तुंबलं की फावड्यानं वाट काढून देई. खड्डा पडण्याआधीच त्याचं काम झालेलं असायचं, म्हणून ते कोणाच्या डोळ्यांत भरत नसे.

मैलकुली निवृत्त होत गेले आणि जागा भरल्या गेल्या नाहीत. कामं निविदेवर गेली. निविदेत लांबी मोजता येते, खडीचे घनमीटर मोजता येतात, डांबराची जाडी मोजता येते. पावसात फावडं घेऊन उभं राहणं मोजता येत नाही. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेनं ही उणीव ओळखली आणि बांधणाऱ्या ठेकेदारावरच पाच वर्षांची देखभाल टाकली. हा फार चांगला बदल होता. पण पाच वर्षं संपली की रस्ता पुन्हा स्थानिक यंत्रणेच्या हाती येतो आणि तिथे माणूसही नाही, यंत्रही नाही. मग बिघाड खड्ड्यापर्यंत जाईतो वाट बघायची आणि खड्डा झाला की डांबराचं ठिगळ लावायचं. ठिगळाच्या शेजारची उंच साइडपट्टी तशीच राहते, पाणी तिथेच साचतं आणि पुढच्या पावसात ठिगळही निघतं.

सस्कॅचेवानमध्ये सुमारे तीनशे ग्रामीण नगरपालिका आहेत आणि आपापले रस्ते त्याच राखतात. यंत्र आणि ऑपरेटर तिथलेच. उन्हाळ्यात तोच माणूस मुरूम सारखा करतो आणि हिवाळ्यात पंख लावून बर्फ लोटतो. कुठल्या वळणावर वारा बर्फ आणून टाकतो, कुठे पाणी तुंबतं, हे त्याला माहीत असतं. आपल्या मैलकुलीचंच ज्ञान, फक्त हातात फावड्याऐवजी ग्रेडर.

मातीचं पंचांग आणि मार्च एंड

ग्रेडरचं काम कधी करायचं, हे माती ठरवते. मुरूम ओलसर असला की कापताना मऊ कापला जातो, पसरल्यावर रोलरखाली बसतो आणि वाळल्यावर घट्ट होतो. कोरडा मुरूम पात्याखाली भुगा होतो, त्याची धूळ उडते आणि पसरलेलं सगळं आठवड्याभरात चाकांनी कडेला जातं. फार ओली काळी माती चाकांना चिकटते. त्यामुळे आपल्याकडे दोन मुहूर्त उरतात. पहिला रोहिणीच्या सरी पडून गेल्यावर, मृगाच्या आधी. दुसरा हस्ताचा पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या आसपास, जमिनीत ओल आहे आणि ऊन पडलं आहे अशा दिवसांत.

जूनच्या मुहूर्तावर चाऱ्या आणि मोऱ्या मोकळ्या करायच्या आणि उतार तपासायचा. दिवाळीच्या मुहूर्तावर पावसानं मोडलेली कड पुन्हा भरायची, कारण लगेच कापूस, मका, कांदा यांची वाहतूक सुरू होते. पुढे साखर कारखान्यांच्या पट्ट्यात ऊसगाड्या लागतात. कड ज्या महिन्यांत सर्वाधिक मार खाते, त्यांच्या तोंडावरच ती भक्कम झालेली असावी.

प्रत्यक्षात काम चालतं हिशेबाच्या पंचांगानं. निधी येतो, मंजुऱ्या फिरतात, निविदा निघतात आणि काम उरकतं मार्च एंडला. तेव्हा जमीन तापलेली, मुरूम कोरडा. तो बसवायचा तर पाणी टँकरनं आणायला हवं. आणि ज्या गावात माणसांना प्यायला टँकर लागतो, तिथे रस्त्यासाठी टँकर मागायचा कोणत्या तोंडानं? म्हणून पाणी कमी मारलं जातं, रोलर वरवर फिरतो आणि पहिल्या पावसात साइडपट्टी चारीत जाते. ठेकेदाराची लबाडी कुठे असेलही. पण प्रामाणिक ठेकेदारानं केलेलं मार्चचं कामसुद्धा ऑक्टोबरच्या कामाची बरोबरी करू शकत नाही. तिथे दोष मुहूर्ताचा असतो.

पांझरेच्या काठी हे ठाऊक होतं

सामाईक गोष्ट सामाईक देखभालीनंच टिकते, याचा एक जुना धडा धुळ्यातच आहे. साक्री आणि धुळे तालुक्यांत पांझरेवर आणि तिच्या उपनद्यांवर फड पद्धतीचे बंधारे आहेत, काही शतकांची परंपरा असलेले. बंधाऱ्यातून पाट निघतो, लाभक्षेत्राचे फड पाडलेले असतात, एका फडात एकच पीक. पाण्याची पाळी पाटकरी देतो, पिकाची राखण जागल्या करतो आणि वरचा कारभार पंच बघतात. यातली सगळ्यांत मोलाची रीत म्हणजे हंगामाआधी पाटाची सफाई. गाळ काढणं, काठ बांधणं, फुटलेली जागा बुजवणं हे ज्याची जमीन भिजते त्या प्रत्येकाचं काम. पाणी सुटायच्या आधी पाट तयार असायलाच हवा, ही गोष्ट तिथे वादाची नाही.

फिनलंडमध्ये खासगी ग्रामीण रस्त्यांचा कारभार असाच चालतो. रस्त्यालगत ज्यांची शेतं, जंगलं, घरं आहेत त्यांचं मंडळ असतं, वापराच्या प्रमाणात प्रत्येकाचा वाटा ठरतो आणि त्या पैशातून ग्रेडर आणि बर्फ काढण्याचं काम होतं. पांझरेकाठच्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही.

रस्त्याच्या कडेचं पाणी काही वाया घालवायचं नाही. शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले खोल-रुंद करून आणि साखळी बंधारे बांधून पाणी मुरवण्याचं जे काम उभं केलं, त्यानं खान्देशाला यंत्राचा एक नवा वापर शिकवला. रस्त्याची चारी नीट उताराची असेल, तर तिचं पाणी त्याच नाल्यात, शेततळ्यात किंवा विहिरीच्या पुनर्भरणाच्या खड्ड्यात नेता येतं. भरावात मुरून रस्ता मोडणारं पाणी शंभर पावलांवर विहिरीला जीव देऊ शकतं.

इथे आपल्या बाजूचं खरंही बोललं पाहिजे. चारी नेहमी गाळानंच बुजते असं नाही. बांध सरकवत सरकवत आपण ती वावरात घेतो. वावराकडे जाण्यासाठी चारीवर माती टाकतो, तिथे पाइप टाकत नाही. ठिबकची किंवा विहिरीची पाइपलाइन रस्त्याच्या पलीकडे न्यायला डांबर आडवं फोडतो आणि वर नुसती माती लोटतो. एका शेतकऱ्याची दहा फूट चारी बुजली, की वरच्या शंभर मीटरचं पाणी डांबरावर येतं. अडवलेला रस्ता मोकळा करायला १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, शेतात जायला वाट मागण्यासाठी महसूल संहितेचं कलम १४३ आहे. पण बुजवलेल्या चारीसाठी कोणी तहसीलला जात नाही. ते गावातच बोलून सोडवावं लागतं.

माणूस आणि यंत्र

खान्देशातल्या रस्त्यांना दुष्काळाची आठवण चिकटलेली आहे. १९७२ च्या दुष्काळात बायाबापड्यांनी खडी फोडून रस्ते केले. त्या अनुभवातून महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा झाला, १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून तो लागू झाला आणि पुढे २००५ मध्ये देशाला तसा कायदा मिळाला. त्यात मजुरीला ६० आणि साहित्याला ४० असं प्रमाण राखलं, मजुराचं काम यंत्रानं हिरावू नये म्हणून. हेतू थोर होता आणि आजही आहे.

पाणंदीच्या कामात याच प्रमाणाची अडचण होत आली. काळ्या मातीतल्या पाणंदीला मुरूम आणि खडी लागते, म्हणजे साहित्याचा खर्च जास्त. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेसारख्या योजनांमध्ये निरनिराळ्या निधींची सांगड घातली गेली ती यासाठीच. पण माणूस विरुद्ध यंत्र असं भांडण लावायची गरज नाही. उतार, चारीचा ढाळ, मुरमाची समान पसरण ही कामं यंत्राची. मोरीच्या आतला गाळ, पाइपचं तोंड, दगडाची पिचिंग, वेड्या बाभळीची मुळं, पावसात पाण्यावर लक्ष ठेवणं ही कामं माणसाची. ग्रेडर वर्षातून दोनदा येऊन जाईल. मधल्या महिन्यांत रस्त्यावर कोणीतरी असावंच लागेल आणि त्याला वर्षभराची मजुरी मिळावीच लागेल.

पाणंदीला तर मोठ्या ग्रेडरचीही गरज नाही. गावोगावी ट्रॅक्टरच्या मागे लावायची लेव्हलिंग ब्लेड आहेत. मिसूरीच्या त्या शेतकऱ्यानं ओंडक्यानं केलं ते ट्रॅक्टरच्या ब्लेडनं सहज होईल. अट एकच : सर पडून गेल्यावर, वाफसा आला की, दरवेळी एक फेरा.

चार तालुके, चार ग्रेडर

धुळे जिल्ह्यात तालुके चार : धुळे, साक्री, शिरपूर, शिंदखेडा. प्रत्येक तालुक्याला देखभालीपुरता एक ग्रेडर, एक रोलर, कायम नेमलेला ऑपरेटर आणि त्याच्या जोडीला आजच्या काळाचा मैलकुली, एवढी मागणी अवाजवी नाही. नवीन कामावर हे यंत्र वळवायचं नाही, हा नियम आधी करावा, नाहीतर कुठल्यातरी उद्घाटनाच्या घाईत ते तिकडे जाईल आणि तिथेच राहील. यंत्र विकत घेणं जमत नसेल तर भाड्यानं घ्यावं, पण तासांचा करार जूनचा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचा असावा, मार्चचा नव्हे. प्रत्येक ग्रामीण मार्गाच्या नावापुढे त्या दोन फेऱ्यांच्या तारखा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागाव्यात. कड डांबराच्या वर आहे की खाली, हे बघायला अभियंता लागत नाही. एक सरळ काठी डांबरावर आडवी ठेवून साइडपट्टीकडे न्यावी. मध्ये फट दिसली तर खचली, काठी उचलली गेली तर चढली. दहावीतली मुलंसुद्धा गावच्या रस्त्याची ही तपासणी करू शकतात.

नवा रस्ता मागणाऱ्याच्या पाठीशी अख्खं गाव उभं राहतं. जुन्याची कड मागणारा एकटा पडतो, कारण कडेचं भूमिपूजन होत नाही आणि तिच्या नावाची कोनशिला बसत नाही. पण रावेरहून निघालेली केळी ज्या हिसक्यांनी काळी पडते, शिंदखेड्याहून येणारी दुधाची गाडी ज्या जागी कलते, बाळंतिणीला नेणारी जीप ज्या चिखलात रुतते, ते सगळं त्या न मागितलेल्या कडेचंच देणं आहे.

दिवाळीच्या आसपास जमिनीत ओल असते आणि वरचं ऊन कोवळं असतं, म्हणजे कामाचा दुसरा मुहूर्त चालू असतो. यंदाचा तो हातून गेला, तर पुढचा रोहिणीत आहे. तोवर ग्रामसभेत, जिल्हा परिषदेत आणि मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकासमोर एकच प्रश्न लावून धरायचा : आमच्या रस्त्याची साइडपट्टी आणि चारी पावसाआधी कोण करणार आणि कोणत्या तारखेला? तारीख मिळेपर्यंत नव्या रस्त्याच्या नारळासाठी टाळ्या वाजवायच्या नाहीत.